फुटली कशानं? गोटी सोड्याच्या एका बाटलीचं प्रकरण

लग्न मे महिन्यातलं. अंबाजोगाईहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं मंगल कार्यालय, मुहूर्त साडेबाराचा. अक्षता पडल्या की पाहुणे आधी सोड्याकडे वळणार हे ठरलेलं, म्हणून मुलीच्या वडिलांनी गोटी सोड्याच्या १४४ बाटल्या सांगून ठेवल्या होत्या. आमच्या गल्लीतले सोडावाले मामा सहा क्रेट टेम्पोत घालून दहालाच कार्यालयाच्या मागच्या अंगणात हजर झाले. बर्फाची लादी मात्र बारा वाजून गेल्यावर आली. तोवर बाटल्या टेम्पोतच, निळ्या ताडपत्रीखाली.

लादी फोडून प्लास्टिकच्या पिंपात टाकली, वर पाणी ओतलं. मामांचा भाचा दोन्ही हातांत दोन-दोन बाटल्या धरून पिंपात सोडू लागला. तिसऱ्या का चौथ्या खेपेला हातातली एक बाटली पाण्यात गेली आणि दोन-तीन सेकंदांत फुटली. भाच्याचा उजवा तळहात चिरला. अंबाजोगाईच्या स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) दवाखान्यात पाच टाके पडले. पिंपाशेजारी उभ्या असलेल्या एका पोराच्या भुवईवर कपची लागली. बोटभर खाली लागली असती तर डोळाच गेला असता.

मांडवात निकाल लागायला वेळ लागला नाही. गॅस जास्त भरला. मुलीच्या वडिलांनी बिल अडवलं, पोराच्या काकांनी मामांची कॉलर धरली, आणि कोणीतरी पोलिसांत जायची भाषा केली. मामांचं म्हणणं एकच होतं: "गॅस रोजच्याएवढाच भरला. दाबाचं घड्याळ बघा की. आन् बाटली ठोकून घेतल्याबिगर मी भरतच न्हाई."

भाचा आमच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मी त्याला भौतिकशास्त्र शिकवतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला पट्टी बांधून तो माझ्याकडे आला. दुसऱ्या हातात तुकड्यांचं पोतं होतं. "सर, ह्यातून काही कळंल का?"

कळेल, असं मी म्हणालो खरं. पण कळायला तीन आठवडे लागले, आणि त्यातली पहिली संध्याकाळ मी स्वतःच वाया घालवली.

पोत्यातली बाटली

पोत्यात काचेबरोबर अक्षता होत्या, झेंडूच्या पाकळ्या होत्या, एक प्लास्टिकचा चमचाही होता. झाडून भरलेलं पोतं ते, दुसरं काय असणार. फुटलेल्या काचेचे तुकडे एकमेकांवर घासू द्यायचे नसतात, कारण वाचायचं जे काही असतं ते तुटलेल्या कडेवरच असतं. ही सूचना द्यायला मला उशीरच झाला होता. तरी सहा मोठे तुकडे बऱ्या अवस्थेत मिळाले. बूड अखंड होतं, गोटीचा कप्पा आणि गळा अखंड होता, आणि मधल्या भिंतीचे चार तुकडे होते. उरलेला चुरा.

चिकटपट्टी लावून बाटली उभी केली. पहिली नजर गेली बुडाच्या कडेला. तिथे अर्धचंद्राएवढी चकती उडालेली होती, स्वच्छ आणि ठसठशीत. झालं, सापडलं, असं वाटून मी तासभर त्याच जागेची चित्रं काढत बसलो. शेवटी भाचा म्हणाला, "सर, पण ह्या रेघा तर वर चालल्यात." त्याचं बरोबर होतं. बाकीच्या कडांवरच्या खरखरीत रेषा त्या चकतीकडे जातच नव्हत्या. ती चकती बाटली फुटल्यानंतर बूड अंगणातल्या शहाबादी फरशीवर आपटलं तेव्हा उडालेली. काचेच्या तपासात ही चूक नेहमीची आहे: सगळ्यांत ठळक दिसणारी इजा बहुतेक वेळा नंतरची असते.

त्या रेषा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

लोखंडाची सळई तुटायच्या आधी वाकते, ताणली जाते. तिच्यात अणूंचे थर एकमेकांवर सरकतात, आणि चीर पडलीच तर तिचं टोक बोथट होत जातं. काचेत सरकायला थरच नाहीत. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले, रचना अस्ताव्यस्त. चिरेचं टोक अणूएवढं टोकदारच राहतं आणि ताण तिथे शेकडो पटींनी साठतो. एकदा का ती सुटली की वेग घेते. साध्या खिडकीच्या किंवा बाटलीच्या काचेत सेकंदाला दीड हजार मीटरपर्यंत. बाटलीचा निम्मा घेर कापायला सेकंदाचा दहा हजारावा भागही लागत नाही.

पण वेग घेताना ती मागे खूण सोडते. उगमापाशी, चीर अजून हळू असताना, तुटलेला पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की त्यात तोंड दिसावं. त्याला आरसाच म्हणतात. वेग वाढला की आरशाच्या कडेला धुरकट पट्टा येतो, आणि त्याच्याही पुढे चीर फाटे फोडू पाहते तसा खरखरीत पिसारा सुरू होतो. पिसाऱ्याच्या रेषा उलट्या दिशेने धरून गेलं की उगम सापडतो. नदीच्या उपनद्या धरून वर जावं तसं.

आम्ही तसे गेलो. उगम निघाला भिंतीच्या मधोमध, बुडापासून बासष्ट मिलिमीटरवर, बाहेरच्या बाजूला.

आरशाचं माप

आरसा नुसता जागा दाखवून थांबत नाही. फुटताना काच किती ताणाखाली होती, तेही तो सांगतो. ताण जितका जास्त तितकी चीर लवकर वेग घेते आणि आरसा तितका लहान राहतो. बाटलीच्या साध्या काचेसाठी (तिला सोडा-लाइम काच म्हणतात) ढोबळ हिशेब असा: आरशाची त्रिज्या मिलिमीटरमध्ये मोजा, तिचं वर्गमूळ घ्या, आणि साठाला त्याने भागा. उत्तर मेगापास्कलमध्ये मिळतं. एक मेगापास्कल म्हणजे मामांच्या भाषेत दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो.

आमच्या प्रयोगशाळेतला ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप एरवी केशनळ्या मोजण्यात आयुष्य घालवतो. त्याच्याखाली तुकडा आडवा ठेवला आणि बाहेरच्या कडेवर उगमापासून धुरकट पट्ट्यापर्यंतचं अंतर मोजलं. एका बाजूला बारा मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला तेरा. साडेबाराचं वर्गमूळ साडेतीनच्या थोडं वर, म्हणजे ताण सुमारे सतरा मेगापास्कल. भिंत वक्र आणि पातळ असल्यामुळे या आकड्याला दोन-तीन इकडेतिकडे सूट द्यावी. तरी तो पाच नाही आणि पन्नासही नाही, एवढं नक्की. तुकडे मोजकेच, हेही त्याच्याशी जुळत होतं. पन्नासाच्या ताणाखाली फुटलेली बाटली पोत्यात नुसत्या चुऱ्याच्या रूपात आली असती.

आता प्रश्न सोपा झाला. हे सतरा आले कुठून?

गॅसने भिंतीवर किती ताण येतो हे काढायला पाइपाचंच सूत्र चालतं: आतला दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी. उगमापाशी भिंत चार मिलिमीटर, त्रिज्या अठ्ठावीस. दाब तेवढा हवा होता. मामांच्या मशीनवरच्या घड्याळावर मी विसंबलो नाही. ते खोटं बोलतं म्हणून नाही, तर त्याची काच पिवळी पडून काटा नीट दिसत नव्हता म्हणून. त्याऐवजी त्याच खेपेतल्या सात न उघडलेल्या बाटल्या केमिस्ट्रीच्या काट्यावर तोलल्या, जपून उघडल्या, कोमट पाण्यात ठेवून सगळा गॅस जाऊ दिला आणि पुन्हा तोलल्या. प्रत्येकीतून दीड ग्रॅमच्या आतबाहेर कार्बन डायऑक्साइड गेला. बाटलीत दोनशे मिलिलिटर पाणी धरलं, तर हा गॅस पाण्याच्या चौपट आयतनाचा झाला. गोटी सोड्याच्या हिशेबात नेहमीचाच.

थंड पाण्यात गॅस भरपूर विरघळतो, गरम पाण्यात तो बाहेर यायला धडपडतो. हाच चौपट गॅस बर्फाजवळच्या तापमानाला बाटलीत जेमतेम दीड किलोचा दाब देतो आणि पंचेचाळीस अंशांना सात किलोंच्या पुढे जातो. त्याच ताडपत्रीखाली, त्याच टेम्पोत, पुढच्या आठवड्यात तशीच एक दुपार बघून पाण्याची बाटली ठेवली तर बारा वाजता आतलं पाणी पंचेचाळीस अंशांवर गेलं. सात किलो धरा, म्हणजे ०.७ मेगापास्कल. गुणिले अठ्ठावीस, भागिले चार: पाच मेगापास्कल.

गॅसचे पाच. उरलेल्या बाराचा हिशेब लागत नव्हता.

सात बाटल्यांनी आठवीची हमी देता येत नाही, हा आक्षेप माझा मीच घेतला. गॅसच्या टाकीत साठ किलोंच्या वर दाब असतो. मधला रेग्युलेटर एका क्षणी अडकला, तर एखाद्या बाटलीत कितीही जाऊ शकतं. नुसत्या गॅसने सतरा गाठायचे तर चोवीस किलोंचा दाब लागतो. अशक्य म्हणता येणार नाही.

पण मग ती बाटली टेम्पोतच फुटायला हवी होती. ताडपत्रीखाली ती सगळ्यात गरम होती, म्हणजे दाबही तिथेच सगळ्यात जास्त. तिथे तास-दोन तास ती शांत बसली आणि बर्फाच्या पाण्यात, म्हणजे दाब उतरायला लागणार त्या घडीला, फुटली. ही गोष्ट मांडवातल्या दीडशे माणसांनी डोळ्यांनी पाहिली होती, मीही ती पहिल्याच दिवशी ऐकली होती, आणि तिचं वजन लक्षात यायला मला दहा दिवस लागले.

थंडीने ताणलेली काच

गरम काच गार पाण्यात गेली की तिची बाहेरची कातडी आधी आकसते. आतला भाग अजून गरम, तो आकसायला तयार नाही. म्हणजे बाहेरची कातडी ताणली जाते आणि आतली दबते. साधी काच दर अंशाला लांबीच्या दहा लाख भागांमागे नऊ भाग आकसते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण काच ताठ असल्यामुळे प्रत्येक अंशाच्या फरकामागे जास्तीत जास्त ०.८ मेगापास्कल ताण येऊ शकतो. पंचेचाळीस अंशांची बाटली तीन अंशांच्या पाण्यात गेली तर वरची मर्यादा चौतीस. प्रत्यक्षात पृष्ठभाग क्षणार्धात गार होत नाही, म्हणून साधारण तिसरा हिस्सा हाती लागतो: अकरा-बारा.

पाच आणि बारा, सतरा.

आकडे इतके चपखल जुळले की मला भीतीच वाटली. दोन्हीकडचे आकडे ढोबळ असताना बेरीज नेमकी येणं हा योगायोगही असू शकतो. म्हणून आकडे सोडून पुन्हा तुकड्यांकडे वळलो.

चीर पुढे सरकताना तिच्या आघाडीच्या आकाराच्या बारीक कमानी पृष्ठभागावर उमटतात. हेल्मुट वॉलनर यांनी १९३९ मध्ये त्यांचं स्पष्टीकरण दिलं, म्हणून त्या वॉलनर रेषा. बाटली नुसत्या गॅसने फाटली असती तर भिंतीच्या पूर्ण जाडीत ताण जवळजवळ सारखा असता आणि चिरेची आघाडी आत-बाहेर बरोबरीने चालली असती. आमच्या तुकड्यावर टॉर्च तिरपा धरला, तर कमानी स्पष्ट कललेल्या दिसल्या. बाहेरची बाजू पुढे, आतली मागे रेंगाळत आलेली. पिसाराही बाहेरच्या अर्ध्या जाडीतच. आतली बाजू गुळगुळीत. भिंतीची बाहेरची कातडी ताणलेली आणि आतली दबलेली असल्याशिवाय असं होत नाही. शिवाय उगमापासून तीन-चार बोटांवर गेल्यावर चिरा सरळ न जाता वळणं घेत गेल्या होत्या, गार होण्यातून आलेल्या चिरा जशा जातात तशा.

तरी मांडवातला आरोप अगदीच खोटा म्हणता येत नाही. बाटली गॅसने फोडली नाही, पण तुकडे फेकले ते गॅसनेच. साध्या पाण्याची बाटली अशी फुटली असती तर पिंपात "टक्" असा आवाज होऊन बूड गळून पडलं असतं. भाच्याचा तळहात आणि पोराची भुवई या दोन्हींचा हिशेब त्या दीड ग्रॅम गॅसकडेच जातो.

मग बाकीच्या का फुटल्या नाहीत?

भाच्याने हा प्रश्न विचारला तेव्हा मला खरंच आनंद झाला. त्याच टेम्पोतून, त्याच पिंपात, त्याआधी दहा-बारा बाटल्या गेल्या होत्या. काचेच्या निखळ रचनेचा विचार केला तर सतरा मेगापास्कल म्हणजे काहीच नाही. अणूंचे बंध तोडायला हजारो मेगापास्कल लागायला हवेत. ही विसंगती ज्याने सोडवली तो इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या विमान संशोधन केंद्रातला अभियंता ए. ए. ग्रिफिथ. त्याचा १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध आजही या विषयाचा पाया आहे. त्याने काचेचे धागे ओढून ताणून पाहिले. मिलिमीटरभर जाडीची कांडी १७० मेगापास्कलच्या आसपास तुटली. मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाएवढा ताजा धागा ३४०० पर्यंत टिकला. काच तीच, पण वीसपट बळकट. ग्रिफिथचं म्हणणं असं की काच कमजोर नसते, तिच्या अंगावरचे डोळ्यांना न दिसणारे तडे तिला कमजोर करतात. बारीक धाग्यावर मोठा तडा मावणार तरी कुठे?

म्हणजे बाटलीची ताकद ही काचेची ताकद नव्हेच. तिच्या अंगावरच्या सगळ्यात वाईट ओरखड्याची ती ताकद.

तो ओरखडा झूलॉजीच्या सूक्ष्मदर्शकाखाली मिळाला. उगमाशी बाहेरून उभा गेलेला ओरखडा, खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. त्याच्या पोटातून आत गेलेला अर्धलंबगोल डाग, पाऊण मिलिमीटर खोल. त्या डागात एकात एक बसलेल्या पाच फिकट रेषा. झाडाच्या खोडातल्या वलयांची आठवण झाली. प्रत्येक रेषा म्हणजे चीर थोडी पुढे येऊन थांबली ती जागा. सतरा मेगापास्कलखाली एवढ्या आकाराची चीर निसटायच्या बेतात असते, म्हणजे हाही आकडा बसला. आणि रेषांचा अर्थ असा की बाटली त्या लग्नात फुटली असली तरी फुटायला सुरुवात कधीच झाली होती. उन्हातून बर्फात, बर्फातून उन्हात, दर खेपेला चीर थोडी आत सरकायची, आतल्या दबलेल्या थराशी अडायची आणि पुढच्या खेपेची वाट बघायची.

तिला मदत करत होतं पाणी. काचेची चीर पाण्यात, अगदी दमट हवेतसुद्धा, कमी ताणावर हळूहळू वाढते. पाण्याचा रेणू ताणलेल्या सिलिकॉन-ऑक्सिजन बंधात शिरतो आणि तो सोडवतो. शेल्डन वीडरहॉर्न यांनी १९६७ मध्ये अशा चिरांचा वेग मोजून दाखवला. पण गावातला काच कापणारा हे हातानेच जाणतो. हिरकणी फिरवली की कित्येक जण त्या रेघेवर थुंकी किंवा रॉकेलचं बोट फिरवतात आणि मग काच मोडतात. कारण विचारलं तर "अशानं सरळ मोडते" एवढंच सांगतात.

मामांच्या ठोकणीचा प्रश्नही इथेच सुटतो. मडकं घेताना आपण पेराने ठोकून बघतो. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर तडा. तडा आरपार असला की त्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि नाद मरतो. पण चार मिलिमीटरच्या भिंतीत एक दशांश मिलिमीटरचा ओरखडा नादाला जाणवत नाही. मामा खोटं बोलत नव्हते. बाटली खणखणीतच वाजली असणार.

ओरखडा आला कुठून

जुन्या बाटल्यांच्या अंगावर पांढरा पट्टा असतो. क्रेटमध्ये एकमेकींना घासून घासून आलेला, आडवा, सगळीकडून फिरलेला. माझा पहिला संशय त्याच्यावर होता. पण उगमाचा ओरखडा उभा आणि एकटा होता. फरक महत्त्वाचा आहे: थंडीचा ताण उभ्या-आडव्या दोन्ही चिरांना सारखाच उघडतो, पण गॅसचा ताण उभ्या चिरेला आडवीच्या दुप्पट उघडतो. आणि पट्ट्यातले घाव आखूड असतात, हा चांगला वीस मिलिमीटर लांब.

मामांच्या घरी गेलो. उरलेल्या बाटल्या उन्हात धरून एकेक फिरवली. तेवीस बाटल्यांवर उभे ओरखडे मिळाले आणि त्यांतल्या एकोणीस ओरखड्यांची वरची टोकं बुडापासून जवळपास सारख्याच उंचीवर. हाताने सांडून-आपटून पडलेले ओरखडे असे रांगेत बसत नाहीत. हे यंत्राचं काम.

गॅस भरायच्या मशीनला लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा असतो. बाटली त्यात उभी सरकवायची, पिंजरा फिरवायचा; बाटली उलटी झाली की गोटी गळ्यात येते आणि गॅस तिला रबरी वायसरवर दाबून धरतो. पिंजरा असतो तो बाटली भरताना फुटली तर माणूस वाचावा म्हणून. एका पट्टीवरचं रबर गळून गेलं होतं, आणि मागच्या वर्षी केलेल्या वेल्डिंगचा एक थेंब तिथे फुगीर राहिला होता.

मी लगेच वेल्डिंगला दोष देणार, तेवढ्यात भाच्याने खिळा घेऊन पोत्यातल्या एका तुकड्यावर ओढला. काचेला काहीच झालं नाही. उलट खिळ्याचाच राखाडी माग काचेवर उमटला. साधं लोखंड काचेपेक्षा मऊ. मग त्याने खिळ्याखाली चिमूटभर वाळू ठेवून ओढला आणि ओरखडा उमटला. वाळू कुठली? भरलेल्या बाटल्या मामा घराच्या मागच्या पडवीत ओल्या वाळूत रोवून ठेवतात, गार राहाव्यात म्हणून. आपल्याकडचा खडक बेसॉल्टचा. त्याच्या पोकळ्यांत क्वार्ट्‌झ आणि अकीक भरलेलं असतं, त्याच या शेतात सापडणाऱ्या गारगोट्या, आणि त्या झिजून नदीच्या वाळूत येतात. क्वार्ट्‌झचा कठीणपणा मोहसच्या मापावर सात, काचेचा साडेपाचच्या आसपास. वेल्डिंगचा थेंब नुसता दाबणारा अंगठा होता. नख होतं ते वाळूच्या कणाचं. भिंगाखाली थेंबाच्या खाचेत दोन-तीन चकाकते कण अजून अडकलेले दिसले.

ओली वाळू गारव्यासाठी, बर्फही गारव्यासाठीच. मे महिन्यात मराठवाड्यात सोडा विकायचा तर याशिवाय दुसरं करणार काय, हेही खरं.

पुढे काय झालं

मामांना मी चार गोष्टी सांगितल्या. दोन त्यांनी तिथल्या तिथे केल्या: थेंब कानशीने घासून काढला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पिंजऱ्याला लावल्या. तिसरी, उन्हातल्या बाटल्या आधी साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवायच्या आणि मग बर्फात. पंचेचाळीसवरून अठ्ठावीस, अठ्ठावीसवरून तीन, असे दोन टप्पे केले की थंडीचा ताण बाराऐवजी सातच्या आसपास राहतो. यावर मामा हसले. "लग्नात पंधरा मिनिटं कोण थांबतंय सर?" शेवटी तोड अशी निघाली की लग्नाची ऑर्डर असली तर रात्रीच घरी गार करून ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यायची. आणि पिंपात हात घालताना चामड्याचे हातमोजे. ते भाचा घालतो, मामा घालत नाहीत.

चौथी गोष्ट महागाची होती. तेवीस बाटल्या बाद करायच्या. गोटीची बाटली आता सहज मिळत नाही, आणि ठोकल्यावर खणखणीत वाजणारी बाटली फेकून द्या म्हणणं मामांच्या गळी उतरेना. मी पाऊण मिलिमीटरचा डाग दाखवला, पाच रेषा दाखवल्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मंग हे ठोकून कामून कळलं न्हाई?" नादाबद्दल जे वर लिहिलं तेच मी पुन्हा सांगितलं. ते पटलं की नाही कोण जाणे. पण आता भरायच्या आधी ते प्रत्येक बाटलीवरून अंगठ्याचं नख आडवं फिरवतात. नख अडलं की बाटली बाजूला. मिलिमीटरच्या चाळीसाव्या-पन्नासाव्या भागाचा ओरखडाही नखाला लागतो. या कामासाठी आमच्या प्रयोगशाळेत त्याहून सोयीचं काही नाही.

ठोकायचंही त्यांनी सोडलेलं नाही. आधी ठोकतात, मग नख.

बिलाचं असं झालं. मी एका कागदावर चित्र आणि बेरीज काढून भाच्याबरोबर मुलीच्या वडिलांकडे पाठवली. त्यांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे बर्फवाला दीड तास उशिरा आला नसता तर काहीच झालं नसतं." उशीर दोन तासांचा होता, पण मी तो वाद वाढवला नाही. फुटलेल्या एका बाटलीचे पैसे कापून बाकीचं बिल त्यांनी दिलं. दवाखान्याचा खर्च मामांनीच सोसला, पोराचाही.

बाद केलेल्या तेवीस बाटल्या मामांच्या अंगणात तुळशीच्या आळ्याभोवती गळ्यावर उलट्या रोवलेल्या आहेत, बुडं वर. दुपारी ऊन पडलं की हिरवट चमकतात. परवा गेलो तेव्हा मामी आळ्याला रांजणातलं गार पाणी घालत होत्या. माझी नजर नकळत त्या बाटल्यांच्या भिंतींवर गेली. मामी म्हणाल्या, "रिकाम्या हैत सर, काय होत न्हाई."

त्यांचं बरोबर होतं. तरी मी दोन पावलं मागे सरकलोच.